केस-कंट्रोल की कोहॉर्ट? आधी रिकामा तक्ता काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पदव्युत्तर प्रबंधाचा विषय ठरलाय. मधुमेही रुग्णांनी रोज स्वतःचे पाय तपासले तर पायाला जखमा कमी होतात का? माहिती गोळा करायला आठ महिने आहेत. गाइड म्हणतात कोहॉर्ट करा (आधी सवय नोंदून पुढे जखमा कोणाला होतात ते बघणं), सीनियर म्हणतो केस-कंट्रोल कर (जखमवाले आणि बिनजखमवाले घेऊन मागच्या सवयी विचारणं) आणि मोकळा हो. कोणत्या रचनेच्या पुराव्यावर किती भरवसा ठेवायचा हे सांगणाऱ्या पुस्तकातल्या पिरॅमिडच्या वरच्या टोकाला रँडमाइज्ड ट्रायल (चिठ्ठ्या टाकून गट पाडणारा प्रयोग) दिसते, त्यामुळे बाकी काहीही केलं तरी ते दुय्यमच ठरणार अशी तुम्हाला धास्ती आहे. म्हणून तुम्ही विचारलंय, 'सगळ्यात चांगली रचना कोणती?'

वीसेक वर्षं मी असे आराखडे तपासत आलेय आणि त्यातले निम्मे तरी याच प्रश्नापाशी अडलेले असतात. अडायचं कारण असं की रचनेचं नाव आधी ठरवलं जातं आणि मग प्रश्न त्यात कोंबला जातो. खरं तर नाव शेवटी येतं. आधी ठरवायचं ते एवढंच: तुम्ही रुग्णांच्या बाबतीत काही करणार आहात की नुसतं बघणार आहात, काळाच्या कोणत्या टोकाला उभं राहून बघणार आहात आणि तुलना कोणाशी करणार आहात. बाकी बरंच तुमच्या परिस्थितीवर आहे. रुग्ण किती येतात, जुन्या नोंदी कशा आहेत, मदतीला कोण आहे, हे मला इथे बसून कळणार नाही. त्यामुळे 'हेच करा' असं छातीठोक सांगणार नाही, पण विचार कसा करायचा ते तुमच्याच विषयावर दाखवते.

माझ्याकडे कोणी आलं की मी एक कोरा कागद पुढे सरकवते आणि चार घरांचा तक्ता काढायला लावते. आडव्या दोन ओळी: रोज पाय तपासणारे आणि न तपासणारे. उभे दोन रकाने: जखम झालेले आणि न झालेले. आकडे नकोत, नुसती घरं. मग विचारते, यातली कोणती बेरीज तुम्ही स्वतः आधी ठरवणार? ओळींची ठरवलीत, म्हणजे तपासणारे इतके आणि न तपासणारे इतके घेऊन पुढे जखमा कोणाला होतात ते बघितलंत, तर तो कोहॉर्ट. कोणी तपासायचं आणि कोणी नाही हे तुम्हीच चिठ्ठ्या टाकून ठरवलंत तर ती ट्रायल. रकान्यांची बेरीज आधी ठरवलीत, म्हणजे जखमवाले इतके, बिनजखमवाले इतके घेऊन मागे वळून सवयी विचारल्यात, तर केस-कंट्रोल. आणि कोणतीच बेरीज न ठरवता आज समोर येईल त्या प्रत्येकाला सवय आणि जखम दोन्ही एकदमच विचारलंत तर क्रॉस-सेक्शनल. माहिती तीच, चार घरंही तीच, फक्त दार कोणत्या बाजूनं उघडलं हा फरक.

आता तुमच्या विषयावर एकेक दार उघडून बघू.

क्रॉस-सेक्शनल सगळ्यात सोपा आहे आणि तुमच्या विषयाला सगळ्यात घातक. समजा तुम्ही ओपीडीत बसून तीनशे जणांना विचारलंत, 'पाय रोज बघता का?' आणि लगेच पाय बघितलेत. ज्याला जखम आहे तो ड्रेसिंगच्या निमित्तानं रोज पाय बघणारच. सहा महिन्यांपूर्वी बघत नव्हता, आज बघतोय. बैल गेला नि झोपा केला. तक्ता मात्र सांगणार की पाय तपासणाऱ्यांना जखमा जास्त! आधी काय आणि नंतर काय हे या रचनेला कळत नाही. पण म्हणून ती टाकाऊ नाही. 'किती टक्के मधुमेही रोज पाय तपासतात?' हा प्रश्न असता तर मी याशिवाय दुसरं काही सुचवलंच नसतं. किती जणांना आहे, किती जण करतात, हे विचारायचं तर हीच रचना.

कोहॉर्टमध्ये हा गोंधळ होत नाही, कारण सुरुवातीला सगळे बिनजखमेचे असतात आणि सवय आधीच नोंदलेली असते. तुमच्या गाइडचं म्हणणं तत्त्वाला धरून आहे. पण पेन घेऊन हिशेब करा. समजा वर्षाला शंभरातल्या दोघांना नवी जखम होते. तुम्ही तीनशे जण गोळा केलेत आणि प्रत्येकाच्या मागे पूर्ण आठ महिने राहिलात, तर जखमा होणार साधारण चार. चार जखमांवर कोणतंही विश्लेषण उभं राहत नाही. शिवाय आठ महिने ही तुमची एकूण मुदत आहे. शेवटच्या महिन्यात नाव घातलेल्या माणसाला तुम्ही महिनाभरच बघणार. पायाची संवेदना गेलेले किंवा आधी एकदा जखम होऊन बरी झालेले, असे जास्त धोक्याचे रुग्णच घेतलेत तर आकडा वाढेल, आणि तसे भरपूर रुग्ण तुमच्याकडे येत असतील तर गाइडच्या सूचनेचा नीट विचार करा. दुर्मीळ घटना आणि थोडी मुदत असं जुळून आलं की कोहॉर्टचं घोडं नेमकं तिथेच पेंड खातं.

इथे एक गैरसमज दूर करते. 'रेट्रोस्पेक्टिव्ह', म्हणजे मागे वळून केलेला अभ्यास, म्हणजे केस-कंट्रोलच असं नव्हे. पाच वर्षांपूर्वीच्या फायली काढल्या, तेव्हा कोण काय करत होतं ते त्यातून वेचलं आणि तिथून आजपर्यंत कोणाला काय झालं ते बघितलं, तर तो कोहॉर्टच. फक्त त्याची सुरुवात भूतकाळात झालेली असते. वेळ वाचवायला हा झकास मार्ग आहे, पण फायलीत तुम्हाला हवी ती गोष्ट लिहिलेली असली पाहिजे. तुमच्या बाबतीत ती नसणार अशी मला दाट शंका आहे. फायलीत फार तर 'पायांच्या काळजीचा सल्ला दिला' असा शिक्का सापडेल. सल्ला दिला म्हणजे पाय बघितला नव्हे.

राहिली केस-कंट्रोल. हिच्यावर जरा जास्त वेळ घालवते, कारण मला वाटतं तुम्ही शेवटी इथेच येणार आणि चुकलात तर इथेच चुकणार.

समजा आठ महिन्यांत नव्या जखमेचे ६० रुग्ण मिळाले आणि तुम्ही बिनजखमेचे १२० मधुमेही तुलनेला घेतले. जखमवाल्यांपैकी १८ जण जखमेआधी रोज पाय तपासत होते, ४२ नव्हते. तुलनेच्या गटात ६६ तपासत होते, ५४ नव्हते. तिरका गुणाकार केलात की १८ गुणिले ५४ भागिले ४२ गुणिले ६६, म्हणजे साधारण ०.३५ हा ऑड्स रेशो (दोन गटांतल्या 'तपासणारे भागिले न तपासणारे' या आकड्यांचं गुणोत्तर; एकाहून कमी म्हणजे जखमवाल्यांत ही सवय कमी). एवढं सगळेच करतात. यापुढे मात्र निम्मे जण आडव्या ओळीची टक्केवारी काढतात: तपासणारे एकूण ८४, त्यातल्या १८ जणांना जखम, म्हणजे '२१ टक्के'. हा आकडा निरर्थक आहे. तुलनेला १२० ऐवजी त्याच प्रमाणात २४० घेतले असते तर तपासणारे १३२ आणि १८ मिळून १५० झाले असते आणि तीच टक्केवारी १२ वर आली असती. रोग तोच, सवय तीच, आकडा मात्र तुमच्या मर्जीनं बदलला! ऑड्स रेशो दोन्ही वेळा ०.३५ च राहतो. केस-कंट्रोलमधून धोक्याची टक्केवारी काढू नका असं परीक्षक बजावतात त्यामागचं कारण हेच, की रकान्यांची बेरीज तुम्हीच ठरवलेली असते.

आता कंट्रोल, म्हणजे केसच्या (जखमवाल्याच्या) तुलनेला घ्यायचा माणूस, कोण? यात मी स्वतः तोंडघशी पडलेय. उमेदवारीच्या काळात मी वेदनाशामक गोळ्या आणि मूत्रपिंडाचा आजार यांचा अभ्यास करायला घेतला होता. मूत्रपिंडाचे रुग्ण मिळाले. तुलनेला कोण घ्यायचं? अस्थिरोगाचा वॉर्ड माझ्या खोलीसमोरच होता, रुग्ण निवांत होते, बोलायला तयार होते. विश्लेषण केलं तर निष्कर्ष असा निघाला, की वेदनाशामक गोळ्यांमुळे मूत्रपिंडाचं रक्षण होतं. दोन दिवस मी गणितात चूक शोधत होते. चूक गणितात नव्हतीच. गुडघे आणि कंबर दुखणारी माणसं महिनोन्‌महिने त्याच गोळ्या खात होती. ज्या सवयीची तुलना करायची, ती सवय लावणाराच आजार मी कंट्रोल म्हणून निवडला होता.

याचा दिलासा एवढाच की माझ्याहून फार मोठी माणसंही इथे अडखळली आहेत. १९८१ साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात कॉफी आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा संबंध सांगणारा केस-कंट्रोल अभ्यास छापून आला. त्यात तुलनेचे रुग्ण त्याच डॉक्टरांकडचे होते आणि त्यातल्या बऱ्याच जणांना पोटाचे विकार होते. पोट बिघडलेला माणूस आपणहून किंवा डॉक्टरांच्या सांगण्यावरून कॉफी कमी करतो. मग कर्करोगाच्या रुग्णांची कॉफी आपसूकच जास्त दिसणार. पुढच्या अभ्यासांत तो संबंध तसा टिकला नाही.

नीट निवडलेला कंट्रोल काय करू शकतो याचं उदाहरण १९७१ चं आहे. बॉस्टनमध्ये तरुण मुलींमध्ये योनिमार्गाचा एक अत्यंत दुर्मीळ कर्करोग दिसू लागला. रुग्ण फक्त आठ. प्रत्येकीमागे चार कंट्रोल घेतल्या, त्याच रुग्णालयात पाच दिवसांच्या आतबाहेर जन्मलेल्या मुली. आठपैकी सात जणींच्या आयांनी गरोदरपणात डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल हे औषध घेतलं होतं, बत्तीस कंट्रोलच्या आयांपैकी एकीनंही नाही. आठ रुग्णांवर एवढी पक्की गोष्ट सांगता आली. हाच प्रश्न कोहॉर्टनं सोडवायचा म्हटला असता तर हजारो गरोदर बायका आणि त्यांच्या मुली तरुण होईपर्यंतची वर्षं लागली असती. पिरॅमिडच्या मधल्या पायरीवरची ही रचना तिथे सर्वोत्तम होती.

तुमच्यासाठी कंट्रोल निवडायची कसोटी एका प्रश्नात सांगते: 'या माणसाला उद्या जखम झाली असती तर तो माझ्या केसमध्ये आला असता का?' जखमवाले लांबून, दुसऱ्या डॉक्टरांनी पाठवलेले येत असतील आणि कंट्रोल म्हणून तुम्ही दर महिन्याला नेमानं येणारे मधुमेही घेतलेत, तर ते नेमानं येणारे पायही तपासणारच. तुलना सवयीची न राहता नेमाची होईल. जखमवाल्यांना जिथून पाठवलं तिथलेच मधुमेही मिळाले तर उत्तम, नाही तर निदान दोन्ही गट सारख्या अंतरावरून, सारख्या कारणानं आलेले असावेत. आणि केस म्हणून नवीच जखम घ्या. दोन वर्षं चिघळत असलेली घेऊ नका, कारण अशा जखमा गोळा केल्यात की तुम्ही जखम होण्याची कारणं न शोधता ती बरी न होण्याची कारणं शोधत बसाल.

सवय कशी विचारायची यावरही सगळं अवलंबून आहे. 'रोज पाय तपासत होता का?' असं जखमवाल्याला विचारलंत तर तो अपराधी चेहऱ्यानं 'हो' म्हणेल, नाही तर चिडेल. त्याऐवजी विचारा: जखम दिसली त्याच्या आधीच्या आठवड्यात पाय कधी कधी बघितला? तळवा कसा बघता, आरशात की दुसऱ्या कोणाकडून? बोटांच्या बेचक्यांत बघता का? तळवा कसा बघतो हे ज्याला सांगताच येत नाही, तो बहुधा बघत नाही. कंट्रोलला जखमेची तारीख नसते, म्हणून त्याच्या जोडीच्या केसची तारीख धरून त्याच आठवड्याबद्दल विचारा. आणि विचारणाऱ्याला समोरचा केस आहे की कंट्रोल हे माहीत नसेल तर सोन्याहून पिवळं. पायाला बँडेज असल्यावर ते जमणं कठीण, पण प्रश्नांचा क्रम आणि शब्द तरी दोघांना अगदी तेच ठेवा.

एक अडचण मात्र यातल्या कोणत्याही निरीक्षणानं सुटत नाही, अगदी कोहॉर्टनंही. रोज पाय कोण तपासतं? एक, जो एकूणच काटेकोर आहे, साखर ताब्यात ठेवतो, बूट नीट निवडतो. त्याला जखमा कमीच होणार, आणि श्रेय मिळणार तपासण्याला. दोन, ज्याची संवेदना गेली आहे म्हणून डॉक्टरांनी बजावून सांगितलंय. त्याला जखमा जास्त होणार, आणि दोषही तपासण्याकडेच जाणार. दोन्ही ओढी उलट दिशेच्या आहेत आणि तुमच्या आकड्यात त्यातली कोणती जिंकली हे नुसतं बघून कळणार नाही. म्हणून मधुमेहाची वर्षं, संवेदनेची तपासणी, साखरेचं नियंत्रण आणि आधीची जखम ही माहिती प्रत्येकाची घ्या. नंतर विश्लेषणात तिचा हिशेब लावता येतो. घेतलीच नसेल तर कोणताही संख्याशास्त्रज्ञ ती आणून देऊ शकत नाही.

ट्रायलचा मान आहे तो इथे. चिठ्ठी टाकल्यावर काटेकोर आणि बेफिकीर दोघंही दोन्ही गटांत सारखे विखुरतात. तुम्हाला सुचलेल्या गोष्टी तर समान होतातच, न सुचलेल्याही होतात, अर्थात संख्या पुरेशी असली तर. रजोनिवृत्तीनंतरच्या हार्मोन गोळ्यांचं उदाहरण यासाठीच सांगतात. मोठमोठ्या कोहॉर्टमध्ये गोळ्या घेणाऱ्या बायकांना हृदयविकार कमी दिसत होता. मग १६,६०८ बायकांवरची ट्रायल झाली आणि २००२ मध्ये ती मुदतीआधीच थांबवावी लागली, कारण हृदयविकार कमी व्हायचा सोडून उलट थोडा वाढलेला दिसला, शिवाय स्तनाचा कर्करोगही. गोळ्या घेणाऱ्या बायका मुळातच अधिक शिकलेल्या, सुस्थितीतल्या आणि तब्येतीला जपणाऱ्या होत्या, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. दुसरं असं, की ट्रायलमधल्या बऱ्याच जणींनी पाळी जाऊन खूप वर्षं झाल्यावर गोळ्या सुरू केल्या होत्या, म्हणजे दोन्ही अभ्यासांचा प्रश्नच पुरता एक नव्हता. हा दुसरा भाग सांगायचा सहसा राहून जातो.

रँडमायझेशन म्हणजे रँडम सॅम्पल नव्हे, हेही जाता जाता. सॅम्पल म्हणजे समूहातून कोणाला उचलायचं. रँडमायझेशन म्हणजे उचललेल्यांपैकी कोणाला काय द्यायचं. आणि 'एक सोडून एक' हे रँडमायझेशन नाही. पुढचा नंबर कशाचा हे माहीत असलेला डॉक्टर नकळत आवडता रुग्ण पुढेमागे करतो. १९४८ च्या स्ट्रेप्टोमायसिनच्या क्षयरोग ट्रायलमध्ये म्हणूनच गट बंद पाकिटात ठेवला होता आणि रुग्ण घ्यायचा हे ठरल्यावरच पाकीट उघडत होते. सहा महिन्यांत औषधवाल्या ५५ पैकी ४ दगावले, नुसत्या विश्रांतीवरच्या ५२ पैकी १४. रुग्ण फक्त १०७, पण पाकीट बंद होतं म्हणून त्या आकड्यावर विश्वास बसला.

तुम्हाला ट्रायल जमेल का? वर्षाला दोन टक्के जखमा आणि तपासण्यामुळे त्या निम्म्या होतात असं धरलं, तर आठ महिन्यांत हा फरक पकडायला ढोबळ हिशेबानं दोन्ही गटांत मिळून सातेक हजार माणसं लागतील. शिवाय रोज पाय बघा हा सल्ला निम्म्या लोकांपासून लपवायचा कसा? दोन्ही गटांतले रुग्ण बाहेरच्या एकाच बाकावर बसतात, गप्पा मारतात. मग माणसांऐवजी अख्खी केंद्रंच चिठ्ठीनं वाटून द्यावी लागतील आणि त्यानं संख्या आणखी फुगेल. हे एका प्रबंधाचं काम नाही.

आणि जिथे ट्रायल करणंच शक्य नाही तिथे काय? धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग. चिठ्ठी टाकून कोणाला सिगारेट ओढायला लावणार? रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० मध्ये आधी केस-कंट्रोल केली, मग १९५१ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांनाच प्रश्नावल्या पाठवून कोहॉर्ट सुरू केला आणि १९५४ मध्ये त्यातूनही तेच दिसलं. पाठपुरावा पुढे पन्नास वर्षं चालला. दोन वेगळ्या दारांनी आत शिरून एकच खोली दिसली. एका अभ्यासाला पिरॅमिडवर कितवी पायरी मिळाली यापेक्षा याला मी जास्त किंमत देते. गंमत म्हणजे स्ट्रेप्टोमायसिनच्या त्या ट्रायलमागचे संख्याशास्त्रज्ञही हेच हिल. त्यांनी दोन्ही हत्यारं वापरली.

'आधी आणि नंतर' या रचनेचा मोह होईल, तो टाळा. शिबिर घेतलं, आधीच्या तिमाहीत जखमा जास्त, नंतर कमी. पण ज्या तिमाहीत आकडा चढला म्हणून शिबिर घेतलं, त्यानंतर तो असाही उतरला असता. गुणात्मक मुलाखतींचा मार्गही आहे. 'लोक पाय का तपासत नाहीत' हा तुमचा प्रश्न झाला तर तोच खरा मार्ग, पण तो वेगळा प्रबंध.

तर आज जे दिसतंय त्यावरून माझा कल नव्या जखमांच्या केस-कंट्रोलकडे आहे, एका केसला दोन कंट्रोल. सीनियर बरोबर निघाला, फक्त 'मोकळा हो' हे सोडून. कंट्रोल शोधण्यात तुमचा निम्मा वेळ जाणार आहे. गाइडना नाही म्हणायला जाऊ नका. चार जखमांचा तो हिशेब त्यांच्यासमोर मांडा, जास्त धोक्याचे रुग्ण किती मिळतील ते त्यांनाच विचारा. एथिक्स कमिटीकडे आत्ताच अर्ज करा, नुसती प्रश्नावली असली तरी परवानगी लागतेच.

त्याआधी एक काम. रजिस्टर उघडा आणि मागच्या सहा महिन्यांत पायाच्या नव्या जखमेचे रुग्ण किती आले ते एकेक ओळ मोजा. अंदाज नको, सगळ्यांचा अंदाज दुप्पट असतो. महिन्याला आठ आले तर काम होईल. तीन आले तर दुसरं केंद्र जोडून घ्या किंवा प्रश्न बदला. तो आकडा आणि तुमचा चार घरांचा तक्ता इथेच टाका, कंट्रोल कुठून घ्यायचे ते त्यावरून बोलू.